पेटी कुठं ठेवायची

बोरडोहच्या सरकारी दवाखान्यात काचेची पेटी आली, तेव्हा निम्म्या गावाला ती हॉटेलात जिलबी ठेवायची पेटी वाटली. उरलेल्या निम्म्या गावाला तशी खात्रीच होती. डॉक्टर खंदाऱ्यांनी पायरीवर उभं राहून सगळ्यांना समजावून सांगितलं, की ही लेकरांची पेटी आहे. दिवस भरायच्या आधी जन्मलेलं, तळहातावर मावेल एवढं लेकरू आत ठेवायचं, वायर जोडायची, की आत आईच्या पोटासारखी ऊब राहते. प्रेमसिंग हॉटेलवाल्यानं हे शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "अन् लेकरू नसलं तवा?"

सोनाजी सुताराला मात्र पेटी कशाची आहे यात काही रस नव्हता. ती कुठं ठेवली, यात होता.

कळमनुरीपासून डोंगरकड्यापर्यंतच्या पट्ट्यात घराचा पाया असो, विहिरीची जागा असो की कोंबड्यांचा खुराडा असो, सोनाजीला विचारल्याशिवाय कुणी कुदळ मारत नसे. त्याच्याकडं बापजाद्यांचा सागवानी गज होता, दोन्ही टोकांना पितळ ठोकलेला. तो काखेत धरून सोनाजी गल्लीतून निघाला की लोक उगीचच आपापल्या दाराकडं वळून बघत. सरपंच किशनरावांची म्हैस दूध देईना झाली, तेव्हा सोनाजीनं तिची गव्हाण दक्षिणेकडून पूर्वेला फिरवली, आणि म्हैस दूध देऊ लागली. मधल्या काळात ती व्याली होती, पण ही गोष्ट किशनरावांसमोर कुणी काढली नाही.

दवाखान्याचंही तसंच. आदल्या साली नैऋत्येच्या खोलीत ठेवलेल्या कपाटातली इंजेक्शनं नाहीशी झाली. डॉक्टर म्हणाले, कपाटाला कुलूप नव्हतं. सोनाजी म्हणाला, "कुलूप टिकतच न्हाई त्या दिशेला." कुलूप खरोखरच कपाटाबरोबर आलेलं होतं आणि खरोखरच टिकलं नव्हतं.

तर पेटी आल्याच्या दुसऱ्या दिवशी किशनराव सोनाजीला घेऊन दवाखान्यात आले. दवाखाना म्हणजे निजामाच्या वेळचा करोडगिरी नाका. तेव्हा तिथं मालावर जकात घेत, आता सुया टोचत. लोकांच्या चेहऱ्यात फारसा फरक पडलेला नव्हता. चार कोपऱ्यांत चार खोल्या, मधे एक मोठी पडवीसारखी मोकळी जागा, आणि तिच्यावर आडवी गेलेली, दोन माणसांच्या कवेत न मावणारी सागाची तुळई.

डॉक्टरांनी पेटी आग्नेयेच्या खोलीत ठेवली होती. कारण सोपं होतं. साऱ्या इमारतीत विजेचा मोठा प्लग तेवढ्याच खोलीत होता.

सोनाजीनं उंबऱ्यातूनच नाक मुरडलं. "डाक्टर, ही अग्नीची दिशा हाय. हितं चूल मांडावं. लेकरू हाय का भाकर?"

"मिस्त्री, तिथं प्लग आहे."

"म्हंजे लाइटवाल्यालाबी कळलं की अग्नी हितंच पायजे. फक्त तुमाला न्हाई कळलं."

मालनबाई नर्स सुया उकळत होती, ती स्टोव्हवर वाकली आणि बराच वेळ वर आली नाही.

"बरं," डॉक्टर म्हणाले. ते वसमतचे, तरुण, आणि वाद घालून माणूस सुधारतो असं अजून मानणारे. "वायर ओढून घेऊ. नैऋत्येला ठेवू."

"नैऋत्य जड. तिथं ठेवलेली वस्तू जड होत जाते."

"मला तेच पाहिजे! लेकरू जड व्हावं म्हणूनच पेटी आहे."

"जड होणं येगळं आन् वजन वाढणं येगळं," सोनाजी शांतपणे म्हणाला. "जड झालेलं लेकरू बापाला जड होतं."

किशनरावांनी मान डोलावली. त्यांचा थोरला नैऋत्येच्या खोलीतच जन्मलेला होता.

"मग वायव्य."

"वायव्य वाऱ्याची. तिथलं काही टिकत न्हाई. इकायचं धान्य ठेवा, उजवायची पोरगी ठेवा, दोनीबी लौकर घराभाईर."

"लेकरूसुद्धा लवकर बाहेर जावं, आपल्या घरी!"

"घरी जाईल का आणखी कुठं जाईल, ते वारा ठरवीत असतो, डाक्टर. त्याच्या भरवशावर सोडता का?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. राहिली ईशान्य. ईशान्य म्हणजे देवाची दिशा, पाण्याची, पवित्र; नुकतंच देवाघरून आलेलं लेकरू ठेवायला तिच्याइतकी जागा शोधून सापडायची नाही. हे सोनाजीनं स्वतःच सांगितलं, आणि सगळे मोठ्या आशेनं त्या कोपऱ्याकडं निघाले. तिथं संडास होता. किशनरावांनीच तो आपल्या वडलांच्या स्मरणार्थ बांधून दिला होता, दारावर संगमरवरी पाटी होती, आणि पाटीवर वडलांचं नाव किशनरावांच्या नावाखाली बारीक अक्षरात होतं.

सगळे काही काळ पाटी वाचत उभे राहिले.

"पाडता येईल," डॉक्टर हळूच म्हणाले.

"माझ्या बापाला?" किशनराव म्हणाले.

विषय तिथं संपला. राहिलेल्या दिशा सोनाजीनं परत येता येता निकालात काढल्या. दक्षिण यमाची, तिच्याबद्दल दवाखान्यात बोलूसुद्धा नये. उत्तर कुबेराची, आणि तिथं औषधाची रिकामी खोकी रचलेली, म्हणजे कुबेराचा आधीच अपमान झालेला. पूर्वेला दार, पश्चिमेला डॉक्टरांची सायकल. मधली मोकळी जागा उरली, तर तिथं सोनाजीनं गज आडवा धरून सगळ्यांना थांबवलं.

"ह्ये ब्रह्मस्थान. घराची बेंबी. ह्या जमिनीवर काडीचाबी भार पडू द्यायचा न्हाई."

डॉक्टर तेव्हा ब्रह्मस्थानातच उभे होते. ते बाजूला झाले. का झाले, हे त्यांना नंतर कितीतरी दिवस समजलं नाही.

मग सोनाजीनं पेटीची आय काढली. आय म्हणजे वास्तूचा स्वभाव. लांबीला रुंदीनं गुणायचं, आठानं भागायचं, आणि बाकी काय उरते ते बघायचं. एक उरला तर ध्वज, तीन उरले तर सिंह, असं एकेक आहे. सोनाजीनं बोटांनी काच मोजली, ओठ हलवले, आणि त्याचा चेहरा पडला.

"सहा उरले. खर."

"म्हणजे?" डॉक्टरांनी विचारलं.

"गाढव. गाढवाच्या पेटीत वाढलेलं लेकरू काय होतंय, ते मी सांगायला पायजे का?"

किशनरावांनी या वेळी मान डोलावली नाही. सोनाजीनं मात्र सुताराचं काम केलं. घरून सागाची पट्टी आणून पेटीच्या कडेला अशी बेमालूम बसवली, की बाकी सात उरली आणि पेटी गाढवाची हत्तीची झाली. सुबकच दिसत होती. परदेशातल्या कारखान्याला ती पट्टी सुचली कशी नाही, असं लोक म्हणू लागले.

पण जागा काही मिळाली नाही. तेव्हा किशनरावांच्या हुकमानं पेटी दवाखान्यासमोरच्या लिंबाखाली ताडपत्रीत गुंडाळून ठेवण्यात आली, कारण झाडाला भिंती नसतात आणि भिंती नाहीत तिथं वास्तुदोष नसतो. तिथं प्लगही नव्हता. डॉक्टर म्हणाले, ऊब नसेल तर ती नुसती काच आहे. "जागा सापडंस्तवर काच तर काच," सोनाजी म्हणाला. इतर गावांत एखादी वस्तू कुठं ठेवायची यावरून भांडणं होतात. बोरडोहात ती कुठंच ठेवायची नाही असं ठरलेलं असल्यामुळं सगळीकडं शांतता होती. ताडपत्रीवर एक कोंबडी बसू लागली.

सोनाजीच्या लेकीला, चांगुणाला, सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिची सासू नर्मदाबाई तिला घेऊन कळमनुरीहून एसटीनं निघाली. दुष्काळाच्या कामावर फोडलेली खडी त्या रस्त्यावर अंथरलेली होती, आणि तिच्यावरून फिरायचा रूळ अजून कुठल्यातरी तालुक्यातून निघालेला होता. चांगुणाला जागा चाकावरची मिळाली. बोरडोहच्या फाट्यावर उतरली ती पोट धरूनच. घराकडं न्यायला वेळ राहिला नाही. नर्मदाबाईनं तिला तशीच दवाखान्यात नेली, आणि सोनाजी रंधा टाकून धावत पोचेपर्यंत तो आजोबा झालेला होता.

मुलगी होती. कबुतराएवढी. मालनबाईनं तिला कापसात गुंडाळून चांगुणाच्या छातीशी धरली होती, दोन्ही बाजूंना कोमट पाण्याच्या बाटल्या. मुलगी रडत नव्हती. मधूनच तोंड उघडायची आणि काहीतरी विसरल्यासारखं परत मिटायची. ओठ जांभळाच्या रसात बुडवल्यासारखे दिसत होते.

सोनाजीनं आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट मोजून बघितली नाही.

"वाचंल ना?" त्यानं विचारलं.

"उबेत ठेवली तर," डॉक्टर म्हणाले. "बाटल्या गार होतात, ही बाटल्यांच्या आधी गार होते. पेटी आत आणतोय. आग्नेयेला. तुम्ही एक शब्द बोलायचा नाही."

सोनाजी खरंच बोलला नाही. तो लिंबाकडं पळाला, कोंबडी उडवली, ताडपत्री ओढली आणि पेटी ढकलत दारापर्यंत आणली. पेटी चाकावर गडगडत आली, पण आग्नेयेच्या खोलीपाशी येऊन थांबली. उंबऱ्यात नर्मदाबाई बसली होती. दोन्ही हात चौकटीला लावून.

"इनबाई, सरका," सोनाजी म्हणाला.

"इवाई, ही खोली कोणती?"

"आग्नेय."

"आग्नेयीला लेकराचं काय होतं?"

सोनाजी पेटीची चाकं बघू लागला.

"मी सांगू? एसटीतल्या बायांनी सांगितलं मला. भाकर होते. कोण म्हनलं? सोनाजी सुतार म्हनला. मपल्या नातीची भाकर करता काय?"

आता, नर्मदाबाई भांडखोर असती, तर सोनाजीनं तिला कधीच उचलून बाजूला ठेवली असती. अडचण अशी होती, की ती त्याची सगळ्यांत मोठी भक्त होती. आदल्या वर्षी सोनाजीनं तिच्या घराचं दक्षिणेचं दार यमाचं म्हणून बुजवायला लावलं. नवं दार पूर्वेला पाडायचं, तर तिकडं शेजाऱ्याची भिंत. तेव्हापासून नर्मदाबाई आपल्याच घरात गोठ्यातून ये-जा करत होती, आणि म्हशी तिच्याकडं फुकट राहणाऱ्या पाहुणीसारखं बघत होत्या. पण घरात त्या दिवसापासून कुणाला साधा ताप आला नव्हता. नर्मदाबाईनं शेण तुडवलं होतं, पण शब्द तुडवला नव्हता.

"मावशी, उठा," डॉक्टर म्हणाले. "तिथं भाकर-बिकर काही होत नाही. आतली ऊब ठरलेली असते. कमीजास्त झाली तर काटा दिसतो."

"तुमी शिकलेले हाव, तुमचं बराबर असंल," नर्मदाबाई म्हणाली. "पण मी गोठ्यातून चालून राहिले वरीसभर ते काय तुमच्या सांगन्यावरून? यांच्या सांगन्यावरून. यांनी म्हनावं, मी खोटं बोललो. आत्ता उठते. मंग घरी जाऊन दार फोडते."

सगळे सोनाजीकडं बघू लागले. किशनराव कुठूनतरी उगवले होते, त्यांच्या हातात नारळ होता. "उद्घाटन झाल्याबिगर पेटी चालू करायची न्हाई, येवढंच माझं म्हणणं हाय. बाकी तुमचं चालू द्या," ते म्हणाले.

सोनाजीनं तोंड उघडलं. खोटं बोललो, एवढे दोनच शब्द होते. पण ते त्याच्या तोंडातून येईनात, कारण तो खोटं बोललाच नव्हता. आग्नेय म्हणजे अग्नी हे त्याला बापानं सांगितलं होतं आणि बापाला त्याच्या बापानं. ती खोली आग्नेयेला होती आणि लेकरू त्याच्या लेकीचं होतं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, आणि एवढ्या वर्षांत अशी बाकी त्याच्या भागाकारात कधी उरली नव्हती. उद्या पेटीत लेकराला काही झालं तर आयुष्यभर वाटायचं, आपल्याला ठाऊक होतं. आणि बाहेर झालं तरी तेच वाटायचं.

"नैऋत्येला नेऊ?" त्यानं कुणालातरी विचारलं.

"बापाला जड," नर्मदाबाई म्हणाली. "तुमीच म्हनला."

"वायव्य..."

"वाऱ्यावर सोडता काय मपली नात?"

डॉक्टर ओरडले, "अरे ठेवा कुठंतरी! गार पडून राहिलीय ती!" त्यांच्या तोंडी पहिल्यांदाच गावाकडची बोली आली होती, पण ते लक्षात घ्यायला कुणी मोकळं नव्हतं.

खाटेवरून चांगुणाचा आवाज आला. आवाज बारीक होता, पण बापाकडूनच घेतलेला होता. "आबा, तुमी आठानं भागत बसा. एकटी हाय माझी, तिला कशानं भागता?"

सोनाजी मागं सरला. मागं सरता सरता त्याच्या ध्यानात आलं की आपण ब्रह्मस्थानाच्या कडेला आलो, आणि सवयीनं त्यानं पाय आखडून घेतला. मधली ती जागा रिकामी पडली होती. स्वच्छ, झाडलेली, काडीचाही भार नसलेली. जमिनीवर. सोनाजीनं जमिनीकडं बघितलं. मग, का कोण जाणे, वर बघितलं.

वर सागाची तुळई होती.

"इनबाई," तो म्हणाला, "ब्रह्मस्थानाच्या कुठं भार पडू द्यायचा न्हाई म्हणलं मी?"

"जमिनीवर."

"बराबर. हवेचं काही बोललो का मी?"

नर्मदाबाईनं आठवून बघितलं. "न्हाई. हवेचं काही बोलला न्हाई तुमी."

"आन् पाळणा टांगताना कुणी दिशा विचारतं का?"

नर्मदाबाईचे हात चौकटीवरून सुटले. ती उठून उभी राहिली. वर तुळईकडं, खाली पेटीकडं बघितलं आणि म्हणाली, "पाळण्याला कोन दिशा विचारीन? येडे का काय तुमी? इतका येळ काहून न्हाई सांगितलं?"

डॉक्टर खंदाऱ्यांनी एमबीबीएसची सगळी पानं डोळ्यांसमोरून सरकवली. पेटी टांगू नये असं कुठल्याही पानावर लिहिलेलं नव्हतं. बहुधा लिहिणाऱ्याला ते सुचलं नसावं.

पुढचं काम सोनाजीचं होतं आणि ते त्यानं असं केलं, की ते बघायला प्रेमसिंग हॉटेल उघडं टाकून आला. किशनरावांच्या विहिरीवरून मोट ओढायचा जाड दोर, मोटेचा नाडा, आला. सोनाजी तुळईवर चढला, नाडा टाकला, पेटीच्या चारी कोपऱ्यांना दोर बांधून वर एका गाठीत गोळा केले, आणि गाठ अशी मारली की ओढावं तशी आवळावी. डॉक्टरांनी आग्नेयेच्या प्लगमधून वायर काढली. ती भिंतीवरून, तुळईवरून आली आणि वरून खाली उतरली, जमिनीला कुठंही शिवली नाही. अग्नी अग्नीच्या दिशेला राहिला आणि त्याची ऊब तेवढी मधे आली, हे बघून सोनाजीला त्या गडबडीतही बरं वाटलं. पेटी मालनबाईच्या छातीच्या उंचीवर येऊन थांबली. डॉक्टरांनी बटण दाबलं. लाल दिवा लागला.

"एक मिनिट," किशनराव नारळ उचलून पुढं आले.

"ब्रह्मस्थानावर करवंटी पडली तर जबाबदारी कुनाची?" नर्मदाबाईनं विचारलं.

किशनराव नारळ घेऊन पायरीवर गेले आणि तिथं एकट्यानं उद्घाटन केलं.

काटा वर सरकला. काच आतून गरम झाली. मालनबाईनं मुलीला आत ठेवलं आणि बाजूच्या गोल खिडक्यांतून हात घालून कापूस नीट केला. मुलीनं तोंड उघडलं, आणि या वेळी लगेच मिटलं नाही.

तेवढ्यात पेटी फिरू लागली.

मोटेचा नाडा पिळाचा असतो. भार आला की पीळ सुटतो. हत्तीच्या आयेची पेटी सावकाश, मोठ्या इतमामानं, पूर्वेकडून उत्तरेकडं वळू लागली, आणि तिच्याबरोबर आतल्या लेकराचं डोकं.

"उत्तर!" नर्मदाबाई किंचाळली. "इवाई, डोकं उत्तरेला चाललं! मढ्याचं डोकं असतं उत्तरेला!"

सोनाजीनं उडी मारून एक कोपरा धरला. नर्मदाबाईनं दुसरा. पेटी थांबली. डोकं पूर्वेला आलं. दोघांनी हळूच हात सोडून बघितलं. पेटी पुन्हा उत्तरेला निघाली. दोघांनी पुन्हा धरली.

"दुसरा दोर बांधा ना भिंतीला," डॉक्टर म्हणाले.

"कोणत्या भिंतीला?" सोनाजीनं विचारलं.

डॉक्टरांनी चारी भिंतींकडं बघितलं, चारींबद्दल काय काय ऐकलं होतं ते त्यांना आठवलं, आणि ते मुलीची नाडी बघायला वळले.

असे व्याही आणि विहीण ब्रह्मस्थानाच्या कडेला पाय ठेवून, हात लांबवून पेटी धरून उभे राहिले. लग्नात नवरदेवाच्या मामाला टोपी लहान आली होती, तेव्हापासून ते दोघं वास्तूखेरीज दुसऱ्या कशावर बोललेले नव्हते. आता दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून बोलू लागले. पहिल्या दिवशी टोपीवरून भांडले. दुसऱ्या दिवशी, टोपी लहान नव्हती, मामाचं डोकं मोठं होतं, यावर एकमत झालं. एक जेवायला गेला की सोनाजीची बायको जनकाबाई त्याची जागा घ्यायची. रात्रपाळीला आळीपाळीनं भाऊबंद यायचे. बाह्यरुग्ण विभाग सगळा त्यांच्याभोवतीनं वळसा घालून चालायचा. खोकलेवाले लोक खोकला दाबून, आत वाकून बघत आणि विचारत, "किती झाली?" मालनबाई बोटांनी दाखवायची. दोन बोटांमधलं अंतर रोज जरासं वाढायचं.

ओठांचा जांभळा रंग आधी गेला. मग मुलगी रडायला शिकली. पहिला आवाज तिनं काढला तो बंद काचेतून मांजराच्या पिलासारखा आला, आणि सोनाजीला एकदम खाली बसावंसं वाटलं. पण बसायला खाली ब्रह्मस्थान होतं, म्हणून उभ्यानंच रडला.

"धरा नीट," नर्मदाबाई म्हणाली. तिचेही डोळे वाहत होते, पण दोन्ही हात पेटीला असल्यामुळं ती ते पुसू शकत नव्हती. "रडताना हात ढिल्ला पडून राहिला तुमचा. पोरगी ईशान्येला गेली."

"ईशान्य चालते."

"चालते काय? तिकडं सरपंचाचा बाप हाय."

सोनाजीनं पेटी पूर्वेला आणली.

महिना उलटून गेल्यावर डॉक्टरांनी मुलीला बाहेर काढून तोलली, कान लावला, उलटीसुलटी केली आणि म्हणाले, "घ्या. आता हिला पेटी नको, आई पाहिजे." चांगुणानं पदर पसरला. नर्मदाबाईनं मुलीला घेऊन तिच्या ओटीत ठेवलं, बोटं मोडली आणि म्हणाली, "चला." जनकाबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. बायका दारापर्यंत गेल्या.

सोनाजीनं पेटी सोडली आणि तोही निघाला. दोन पावलंही गेला नसेल.

"इवाई!" नर्मदाबाई उंबऱ्यातून ओरडली. "काय करून राहिले? रिकामा पाळणा हलून राहिला ना! रिकामा पाळणा हलला तर लेकराचं पोट दुखतं!"

सोनाजीनं मागं झेप घेऊन पेटी धरली. दारात मुलगी खरंच रडू लागली होती. पेटी थांबली आणि ती गप्प झाली.

बायका घरी गेल्या. डॉक्टर बाही सावरत आले. "मिस्त्री, सोडा आता. उतरवून घेतो मी."

"उतरवताना हलंल."

"थोडी हलेलच."

"मग न्हाई." सोनाजीनं पकड घट्ट केली. त्याच्या काखेतला गज कधीतरी पडला होता, तो मालनबाईनं उचलून कोपऱ्यात उभा केला होता. कोणत्या कोपऱ्यात, हे बघायला सोनाजीला मान वळवता येत नव्हती. "भरला पाळणा हलला तर चालतंय, डाक्टर. रिकामा न्हाई. आत लेकरू पायजे."

डॉक्टरांनी सावरलेली बाही पुन्हा खाली ओढली. मग मालनबाईला हाक मारून विचारलं, "तांड्यावरच्या थावराच्या बायकोला कितवा?"

"आठवा सरत आलाय. पण तिचं चांगलं बाळसेदार आहे, ती काय लवकर बाळंत होत नाही. पूर्ण दिवस घेईल."

"घेऊ दे," सोनाजी पेटीला गाल टेकवत म्हणाला. काच अजून कोमट होती. "घाई करू नगा म्हणावं तिला. मी हाय हितं."